सोळाशेची घोडी

साव ब्रास, १२ मे १९९७

नेल्सी,

तुमची जीप गेल्यापासून घोडे माझ्याकडे संशयाने बघताहेत. मार्चपासून दोनदा मानेत लेप्टो रोगाची लस, दोनदा गळ्याच्या शिरेतून रक्त काढलं, आणि हे सगळं मीच करवलं असं त्यांचं ठाम मत झालेलं दिसतं. गरोआ तर मी खरारा घेऊन गेले की भिंतीकडे तोंड करून उभी राहते. बाबांच्या हयातीत तिला कुणी सुई लावली नव्हती. अर्थात बाबांच्या हयातीत तू विद्यापीठातली डॉक्टरीणही नव्हतीस.

आता मुद्द्याचं. माझ्या घरी तू शिमारांवच्या कडू चहाची एक भोपळी नळीने ओढून प्यायलीस आणि आभार मानून मोकळी झालीस. आभार मानले की पुढची भोपळी भरायची नाही, एवढं मलाही कळतं. सख्ख्या बहिणीच्या घरचं कडू पाणी नकोसं होऊ शकतं. पण इथून उठून तू शेजारी सेलानिराकडे गेलीस आणि तिथे किटली पुन्हा चुलीवर चढली. आपल्या गड्याने, आतालिबाने, कुंपणाची तार ताणताना पाहिलं. मी त्याला बघायला पाठवलं नव्हतं. तार खरंच सैल झाली आहे.

सेलानिराबद्दल मला काही बोलायचं नाही. नवरा गेल्यापासून ती बाई एक दलदल आणि थोडे घोडे एवढ्यावर एकटी राज्य करते, आणि प्रदर्शनात दरवर्षी फीत घरी नेते. तिचा पाव फुगतो. तिच्या कोंबड्या पावसातही अंडी घालतात. बाबा शेवटच्या आजारात सूप मागायचे तेही तिच्या हातचं. मी काही म्हटलं का? मी वाटी नेऊन दिली.

पण गरोआला मी ज्या घोड्याकडे नेलं, त्याच्याचकडे महिन्याभरात हिने आपली फिदाल्गा नेली. पंचक्रोशीत दुसरा घोडा उरलाच नव्हता जणू. आता दोघी गाभण, दोघींचे दिवस ऑक्टोबरात. फरक एवढाच की तिच्या पागेत आणखी घोड्या आहेत, आणि गरोआ बाबांच्या घोड्यांतली शेवटची घोडी, बाकीचे सगळे खच्ची. तिचंही वय झालं. हे शिंगरू नीट झालं नाही तर बाबांचा डाग उठवायला प्राणीच उरणार नाही. डागायची सळई मग मी चुलीत निखारे सारायला वापरीन.

लस रक्तात लागली की नाही ते लवकर कळव.

ओंदिना

*

पेलोतास, २५ मे

ओंदिना,

तुझा शिमारांव जळका होता. तू पाणी उकळू देतेस. पाणी उकळायच्या आधी उतरवायचं असतं, हे आतालिबासुद्धा तुला सांगेल, पण त्याला नोकरी टिकवायची आहे. सेलानिराकडे मी बसले कारण तिची फिदाल्गा रक्त देईना. घोडी शांत होईपर्यंत बसावं लागतं. बसलं की प्यावं लागतं.

तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगते. माझी खोली अंधारी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पडद्यावर लेप्टोचे जिवंत जंतू चांदीच्या केसांसारखे वळवळतात. घोड्याच्या रक्तातलं वरचं पाणी घ्यायचं, पातळ करत जायचं, आणि त्यांच्यावर सोडायचं. रक्ताने या जंतूला ओळखलं तर केसांचे गुंते होतात. शंभर पट पातळ करूनही गुंता झाला तर शंभर लिहायचं, दोनशे पट करूनही झाला तर दोनशे. असं वर वर. दिवस संपतो तेव्हा डोळ्यांपुढे भिंतही वळवळते.

आमचे मोठे डॉक्टर माझे आकडे घेऊन पुढच्या महिन्यात परिषदेला जाणार आहेत. घाई त्यांचीच आहे. त्यांनी मला अजून त्यांची बॅग भरायला सांगितलेली नाही, एवढंच.

गावातल्या सगळ्या घोड्यांची यादी सहकारी संस्थेकडे पाठवते. तिथे बघ.

गरोआ भिंतीकडे तोंड करते, तर निदान तिची पाठ तरी तुला दिसते. मला तिची बाटली दिसते, करंगळीएवढी, वर चिकटपट्टी. वाटणी बाबांनी केली, घोडे तुला दिले, माझी तक्रार नाही.

नेल्सी

*

साव ब्रास, २१ जून

नेल्सी,

यादी पाहिली. साऱ्या गावाने पाहिली.

संस्थेच्या सेक्रेटरीने ती कुठे लावली सांगू? प्रदर्शनाचा निकाल लागतो त्याच फळ्यावर, त्याच खिळ्यांना. आता तूही इथेच वाढलीस. त्या फळ्यावरची यादी आपण कशी वाचतो? सगळ्यात वरचं नाव जिंकलं, सगळ्यात खालचं हरलं. कशात, ते आजवर कुणी परीक्षकाला विचारलेलं नाही, आणि परीक्षकाला ठाऊक असतं असंही नाही.

सगळ्यात वर: फिदाल्गा, सोळाशे. सगळ्यात खाली: गरोआ, शंभर.

लोक टोपी काढून वाचत होते. खेचरवाला पोर्फिरियो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शंभर काही वाईट नाही, ओंदिनाबाई. माझ्या खेचराचं तर यादीत नावच नाही." लोकांना सांत्वन करायला किती आवडतं.

सेलानिरा लाजली. तिला लाजताही छान येतं. "अगं बाई, मी काहीच केलं नाही गं," म्हणाली, "घोडीच तशी." सेक्रेटरीने मागच्या वर्षीची उरलेली निळी फीत काढून दिली. रविवारी तिने साऱ्या आळीला बरगड्या भाजून घातल्या, आणि मला बोलवायला स्वतः आली, हातात पाव घेऊन. मी गेले. बरगड्या उत्तम होत्या. हेही लिहून ठेवते, म्हणजे ओंदिना जळते असं कुणी म्हणायला नको.

एकच विचारते. यादी घरांच्या क्रमाने लावता आली असती. नदीकाठाने वर जाताना माझं घर आधी लागतं. मोठा आकडा वर, छोटा खाली, हे कुणाचं डोकं? आणि तळाला माझ्या घोडीचं नाव लिहिताना तुझा हात थोडा रेंगाळला का?

लस तीच, बाटली तीच, हात तुझाच. मग माझ्या घोडीला शंभर आणि तिच्या घोडीला सोळाशे कसे? किटली दोनदा चढवली म्हणून?

ओंदिना

*

पेलोतास, २८ जून

ओंदिना,

आकडा म्हणजे गुण नव्हेत. रक्ताची परीक्षा असली तरी तिच्यात पहिला नंबर नसतो. यापलीकडे आत्ता मी काही लिहिणार नाही, कारण मलाच ठाऊक नाही. मोठ्या डॉक्टरांच्या घाईमुळे फक्त लशीनंतरचं रक्त तपासलं. लशीआधीच्या बाटल्या अजून बर्फात पडल्या आहेत. त्या वाचल्याशिवाय सोळाशेचा अर्थ सांगणं म्हणजे ज्योतिष.

लस देऊन शंभर येणं अगदी नेहमीचं आहे. गरोआला काही झालेलं नाही. तुला झालं आहे, त्याची लस माझ्याकडे नाही.

यादीच्या क्रमाबद्दलच्या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही.

नेल्सी

*

साव ब्रास, १३ जुलै

नेल्सी,

उत्तर दिलं नाहीस, म्हणजे दिलंस.

असो. तुझ्या विद्यापीठावाचून आमचं अडलं नाही. आतालिबा आणि मी चुलीपाशी बसून शोध लावला. तो म्हणाला, "मालकीणबाई, लस एक, हात एक, घोडाही एक. मग फरक कशात? पाण्यात." खरंच की. सेलानिराची जनावरं दलदलीतलं पितात, माझी विहिरीचं. आजवर मी त्या विहिरीचा तोरा मिरवला. स्वच्छ पाणी, काचेसारखं. काचेत काय जोर असणार? दलदलीचं पाणी कसं दाट असतं, चहासारखं. त्याच्यावर गवतही बघ कसं माजतं.

गरोआला हल्ली संध्याकाळी पाय मोकळे करायला नेते. गाभण घोडीला चालणं चांगलं. कुठे, ते तुला कळवायची गरज नाही. कुंपणाच्या टोकाची ती सैल तार आतालिबाला ताणायला सांगितली होती, आता म्हटलं राहू दे. गंमत म्हणजे परवा पाहते तर तार आणखीच खाली आलेली, घोडी सहज ओलांडेल इतकी. पावसाने खांब झुकले असतील.

पुढच्या खेपेला गरोआचं रक्त नीट, उजेडात बसून वाच.

पाऊस थांबत नाही. फिदाल्गा फीत बांधूनच चरते. फीत ओली होऊन तिच्या कानाला चिकटते, आणि तेही तिला शोभतं.

ओंदिना

*

पेलोतास, २२ जुलै

ओंदिना,

हे पत्र उभ्याने वाच आणि वाचून झालं की बसू नकोस.

फिदाल्गाची लशीआधीची बाटली आज वाचली. तिच्यात आठशे. लशीचा थेंबही टोचण्यापूर्वी आठशे. याचा अर्थ एकच: तो आकडा लशीचा नाही, रोगाचा आहे. घोडीला लेप्टो झालेला आहे. बाहेरून दिसत नाही, ती चरते, चमकते, पण मुतातून जंतू सोडते, आणि ते सगळं त्या दलदलीत जातं. तिथे ते महिनोन्‌महिने जगतात. पायाच्या ओरखड्यातून शिरतात, ओठांतून शिरतात. गाभण घोडीच्या पोटातल्या शिंगराला ते सगळ्यात आधी गाठतात.

म्हणजे गावाने फीत बांधली ती आजाराला.

आजच्या आज सेलानिराकडे जा. फिदाल्गाला उंचावर, कोरड्यात, एकटी बांधायला सांग. पाणी विहिरीचं. औषधाचं नाव मागे लिहिलं आहे, संस्थेच्या दुकानात मिळतं, इंजेक्शन आतालिबाला देता येतं. शिंगरू वाचेलच असं मी म्हणत नाही. न दिलं तर वाचायची आशा फार थोडी आहे. मी संस्थेत फोन लावला, तर पुराने तारा पडल्या आहेत, आणि सेलानिराला चष्मा लावूनही माझं अक्षर लागत नाही. म्हणून तुला लिहिते. तुझं घर आधी लागतं.

आणि गरोआ संध्याकाळी कुठे जाते?

नेल्सी

*

साव ब्रास, १० ऑगस्ट

नेल्सी,

तुझं पत्र मिळालं. नक्की कधी ते सांगता येत नाही, पावसाने पाकिटावरचा शिक्का धुऊन गेला.

गरोआ आता कुठेच जात नाही. पागेत बांधली आहे, कोरड्यात, विहिरीच्या पाण्यावर. तिचं पोट दिसतं तसं आहे. मी रोज कान लावते. आत काहीतरी हलतं, पण ते शिंगरू की माझंच काळीज, ते कळत नाही. तिला काही झालं नसेल ना? ती फार थोडी प्यायली. ती तिकडे उगाच, वास घ्यायला गेली होती.

सेलानिराकडे जायचं आहेच. पण मधली वाट पाण्याखाली आहे. वाट उघडली की जाईन. तशी फिदाल्गा ठणठणीत दिसते. परवा सेलानिरा कुंपणावरून ओरडून विचारत होती, "गरोआ दिसत नाही गं हल्ली?" मी म्हटलं, सर्दी झाली. तर म्हणते, "मध पाठवते." तिच्या मधमाश्यासुद्धा पुरात वाहून जात नाहीत.

आणि सांगायचं तरी कसं? फीत लावलेल्या बाईला जाऊन म्हणायचं, तुझी घोडी पहिली नाही, आजारी आहे? ती म्हणेल, ओंदिनाच्या पोटात दुखतंय. गाव म्हणेल. चार दिवस बाईला आनंद मिळतोय तर मिळू दे, असाही एक विचार मी केला. चांगला विचार आहे. माझ्या डोक्यात आला म्हणून वाईट ठरत नाही.

ओंदिना

*

पेलोतास, १६ ऑगस्ट

ओंदिना,

काल बसचा ड्रायव्हर विद्यापीठाच्या फाटकाशी आला आणि सेलानिराच्या घरचं चीज देऊन गेला. दर शुक्रवारी देतो. वाट कधीच बंद नव्हती म्हणाला, चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी आहे फक्त.

कुंपणावरून तिचं तुला ऐकू येतं. मग तुझं तिला का ऐकू जात नाही?

हे पत्र त्याच ड्रायव्हरच्या हाती देते आहे. तो तुझ्या दारात थांबेल. तू आज गेली नाहीस तर तो स्वतः जाऊन सांगेल, आणि ते तुला आवडणार नाही.

नेल्सी

*

साव ब्रास, २४ ऑगस्ट

नेल्सी,

मी गेले. ड्रायव्हरच्या देखत गेले, गुडघाभर चिखलातून, आतालिबा मागे औषधाची पिशवी डोक्यावर धरून.

फिदाल्गा आदल्या पहाटे गाभडली होती.

सेलानिरा विहिरीपाशी हात धूत होती. शिंगरू तिने एकटीने पुरलं, खांब रोवायच्या फावड्याने. उघड्या हातांनी. पहिलं मी तेच ओरडले, "हात, हात, साबण कुठाय?" ती म्हणाली, "नर होता गं. कपाळावर चांदणी."

मी तिला सगळं सांगितलं. सोळाशे म्हणजे काय, लशीआधीचे आठशे, दलदल, मूत. ती पायरीवर बसून ऐकत होती. मग म्हणाली, "पत्र आलं आणि तू अशा चिखलातून धावत आलीस?" नेल्सी, मी मान हलवली. बोलले नाही, फक्त मान हलवली. बोलणं खोटं ठरतं, मानेचं काय ते तुमच्या शास्त्राला विचार.

पण हे काहीच नाही. पुढचं ऐक. अचानक तिने माझा हात धरला आणि रडायला लागली. शिंगरासाठी नाही. म्हणाली, "ओंदिना, मला माफ कर. तुझ्या गरोआला मीच बुडवलं."

जुलैत तिने आम्हाला पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं, खिडकीतून, मी घोडीला तारेवरून ढकलताना. "मी म्हटलं, बिचारीला माझ्याकडचं पाणी हवंय, पण तोंडाने मागायची नाही. लहानपणापासून तशीच आहे. म्हटलं, तिच्याही घोडीचा आकडा वाढू दे. म्हणून रात्रीतून दोन तारा मी खाली केल्या. तुझी घोडी अडखळू नये म्हणून. हे पाप माझं."

पावसाने खांब झुकले असतील, असं मी तुला लिहिलं होतं. ते पत्र जाळ.

तिला सोमवारी बसने डॉक्टरकडे नेलं. गोळ्या दिल्या आहेत, ताप नाही. फिदाल्गा इंजेक्शनं घेते आहे. फीत सेलानिराने काढली आणि टोमॅटोचं रोप बांधायला वापरली.

औषध जुलैतच दिलं असतं तर ते शिंगरू वाचलं असतं का? आकड्यात सांग.

आणि ये. गरोआचं रक्त घे.

ओंदिना

*

पेलोतास, २० सप्टेंबर

ओंदिना,

परवा रक्त घ्यायला आले आणि गरोआच्या मानेवर तोंड टेकून उभी राहिले तेव्हा तू आतालिबाला मुद्दाम दुसऱ्या कामाला पाठवलंस, ते माझ्या लक्षात आलं.

गरोआचा आकडा आता दोनशे आहे. मागे शंभर होता. तू विचारशील, ही लशीची करामत की दलदलीची? ते माझी परीक्षा सांगत नाही. एवढी वर्षं मी हेच मोजते आहे. रक्त एवढंच सांगतं की त्याची आणि जंतूची गाठ पडली होती. मेलेल्या जंतूशी, लशीतल्या, की जिवंत जंतूशी, पाण्यातल्या, हे ते सांगत नाही. आकडा सोळाशेकडे चढला नाही ही चांगली गोष्ट. लशीने तिला धरून ठेवलं असेल, नशिबाने ठेवलं असेल. एका घोडीवरून मी निष्कर्ष काढत नाही. मोठे डॉक्टर काढतील, त्यांना परिषदेत टाळ्या मिळाल्या.

तू आकड्यात विचारलंस. जुलैत औषध दिलं असतं तर वाचलं असतं का? आकडा नाही. वाचलं असतं असं सांगून मी तुला जाळू शकते, आणि नसतंच वाचलं असं सांगून झोपवू शकते. दोन्ही मला खरं माहीत नाही.

संस्थेला नवी यादी पाठवली आहे, घरांच्या क्रमाने, आणि खाली ठळक अक्षरांत: मोठा आकडा म्हणजे मोठी शंका. तुझं घर आधी लागतं. तू पहिली आहेस, आनंद कर.

मागची यादी उतरत्या क्रमाने टाइप करताना माझा हात रेंगाळला का, असं तू विचारलं होतंस. नाही. उलट भराभर चालला.

नेल्सी

*

साव ब्रास, १९ ऑक्टोबर

नेल्सी,

मंगळवारी पहाटे झालं. मादी आहे. चारी पायांवर उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली, आणि उभी राहिल्यावर पहिलं काम म्हणजे भिंतीकडे तोंड केलं. बाबांच्या घोड्यांचं रक्त, शंका नको. डोळे तू सांगितलंस तसे दिव्याने पाहिले. दोन्ही स्वच्छ. पुढेही पाहत राहीन, हा रोग डोळ्यांवर उशिरा येतो हे तू बजावलेलं लक्षात आहे. गरोआ दमली आहे, पण खाते. सळई चुलीत जायची नाही.

सेलानिरा काल दुपारी आली. मी बोलावलं नव्हतं. बोलवायचं ठरवत होते, तोवर ती आली. शिंगरू आजवर माझ्या हाताला नाक लावायला तयार नाही. तिच्या मागे पागाभर फिरलं. मी काही म्हटलं का? मी किटली चढवली.

पाणी उकळायच्या आधी उतरवलं. हे तुझ्यासाठी लिहिते.

पहिली भोपळी मी प्यायले, घरच्याने पहिली कडू प्यायची. दुसरी तिला दिली. ती तळापर्यंत प्यायली आणि परत दिली. मी भरली. ती प्यायली. आभार मानत नाही आणि उठत नाही. मला वाटलं, ही आता फिदाल्गाचं बोलेल, तारांचं बोलेल. तर म्हणाली, "शिंगराची चाल तुझ्या बाबांसारखी आहे." घोड्याची चाल माणसासारखी, असं फक्त तीच बोलू शकते, आणि बरोबर असतं.

मग, भोपळी हातात धरून, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं:

"नेल्सीचं पत्र तुला कधी मिळालं होतं गं?"

आवाजात काही नव्हतं. पाव फुगला का असं विचारावं तसं. चुलीवर किटली कुरकुरत होती. आतालिबा दारात खोगिराचा पट्टा शिवत होता, त्याने सुई थांबवली. या खेपेला मानेने भागणार नव्हतं. भोपळी मध्ये असताना माणसाला मान हलवून सुटता येत नाही, समोरचा तुझ्या शब्दाचीच वाट बघत असतो.

मी म्हटलं, "जुलैत. लिहिल्यापासून चौथ्या दिवशी."

ती प्यायली. सावकाश. भोपळीतलं पाणी संपताना जो घोरल्यासारखा आवाज येतो, तो आला. तिने नळी ओठांपासून काढली. आता ती आभार मानणार, झगा झाडून उठणार, आणि मग नदीकाठच्या या दोन घरांमधली तार आम्ही मरेपर्यंत ताणलेली राहणार, हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं की मी हात मागे घेतला होता. तिच्या जागी मी असते तर मी तेच केलं असतं. तिथे शंका नाही.

सेलानिराने दारातून त्या शिंगराकडे पाहिलं. कपाळावर चांदणी नाही त्याच्या. मग तिने रिकामी भोपळी माझ्यापुढे धरली.

"भर," म्हणाली.

ओंदिना